लाल चिमटा उजव्या हाताला

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास करुणानं एका माणसाचं हृदय कागदावर उलटं उमटवलं, आणि कुणाच्या नजरेला पडायच्या आत ते सुलटं करून दिलं. या कामाला दीड मिनिट लागलं असेल. पुढं एकामागून एक पेशंट येत राहिले, आणि दोन वाजता बारामतीतला तो दवाखाना बंद होईपर्यंत तिच्या मनात या गोष्टीला जागासुद्धा उरली नव्हती. अडीचच्या इंदापूर गाडीत तिला खिडकीशी जागा मिळाली. तिकिटाला सुटे काढायला तिनं पर्समध्ये हात घातला तेव्हा बोटांना कागद लागला. घडी घातलेला, गुळगुळीत, गुलाबी चौकटींचा. तो लागताच तिला एकदम आपण उघड्यावर काहीतरी टाकून आल्यासारखं वाटलं. घराला कुलूप लावलं की नाही हे आठवत नसताना वाटतं तसं. कंडक्टर पुढं गेला. तिनं कागद बाहेर काढला नाही. ईसीजीच्या खराब झालेल्या पट्ट्या ती नेहमीच घरी न्यायची, त्यात नवीन काही नव्हतं.

त्या पट्ट्या तिचे वडील कचरूतात्या मागून घेत. तात्यांनी तीस वर्षं कालव्याच्या एका चारीवर पाण्याची मोजणी केली होती. चारीवर सहा ठिकाणी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब होते. सकाळ-संध्याकाळ सायकलवरून जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. निवृत्त झाल्यावर वरकुट्यात घराच्या ओट्यावर बसून माणसाला नुसतं दिवसाकडं बघवत नाही. करुणानं कामाला लागल्यावर पहिल्या महिन्यात एक बिघडलेली पट्टी घरी आणली तर त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, "ही तर आपलीच वही हाय की. आडवी वेळ, उभा जोर." कोर्सच्या बाईंनी दोन तास फळ्यावर जे समजावलं होतं ते एवढंच होतं. आडव्या पाच बारीक चौकटींची एक मोठी, अशा पाच मोठ्या चौकटी म्हणजे एक सेकंद. उभ्या दहा बारीक रेघा म्हणजे विजेचं एक माप. सुरुवातीला मशीन स्वतःच एक चौकोनी पायरी काढून दाखवतं, की बघा, माझं माप एवढं आहे, पुढचं सगळं याच्याशी ताडून घ्या. तात्यांना ती पायरी फार आवडली होती. माणसं अशी आपलं माप आधी दाखवून मग बोलायला लागली तर किती बरं, असं ते म्हणाले होते. मग त्या ठोक्यांना त्यांनी आपली नावं दिली. पहिला बुटका उंचवटा म्हणजे झडप उचलल्यावर पाण्याला बसणारा हिसका, उभा सुळका म्हणजे पाण्याचा लोंढा, आणि नंतरची पसरट टेकडी म्हणजे चारी पुन्हा निवांत होणं. करुणा हसली होती. पण तेव्हापासून पट्टी बघताना तिला आधी चारी दिसायची आणि मग हृदय.

गाडी काटेवाडी सोडून पुढं आली. उसाचे ट्रॅक्टर बाजूनं जात होते. शेजारची बाई मांडीवर मेथीची जुडी घेऊन पेंगत होती, आणि मेथीचा ओला वास करुणाच्या नाकात भरला होता. सकाळच्या माणसाच्या अंगाला पेरूचा वास होता, हे तिला त्या वासावरून आठवलं. महिपती. नरसिंहपूरचा. पेरूची बाग. बरोबर बायको होती, चंद्राबाई. छातीत रात्रीपासून भरून आल्यासारखं होतं, आणि उजवा हात जड. ऋषिराज डॉक्टरांनी चिठ्ठीवर पट्टी काढायला लिहून आत पाठवलं होतं. महिपतीला टेबलावर निजवताना चंद्राबाई पडद्याआडून बोलत होती. ह्यांचं समदंच उफराटं, जेवताना आधी भात, मग भाकरी. सगळी दुनिया डाव्या कुशीवर झोपली की छातीतली धडधड ऐकती, ह्यांना उजव्या कुशीवर इंजान चालल्यागत ऐकू येतंय. महिपती टेबलावरूनच म्हणाला होता, "पेरूचं औषध मारल्यावर कुठल्याबी कुशीवर झोप येती, तुला इचारून झोपू का?" करुणाही हसली होती. हसता हसता तिनं चिमटे लावले, छातीवर सहा रबरी फुगे दाबले, आणि कागद सुरू केला.

पहिल्याच ओळीत सगळं पालथं आलं. उंचवटा खाली, सुळका खाली, टेकडीही खाली. डोंगरांची रांग पाण्यात दिसावी तशी. हे चित्र तिच्या ओळखीचं होतं. तीन वर्षांपूर्वी, कामावरच्या दुसऱ्याच आठवड्यात, तिनं खरोखरच दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल केली होती. लाल उजव्या हाताला आणि पिवळी डाव्या, एवढं साधं, तेच चुकलं. डॉक्टरांनी ती पट्टी पेशंटांच्या देखत वर धरली आणि विचारलं, "माणूस जिवंत आहे ना गं? मग हृदय शीर्षासन का करतंय?" सगळे हसले. डॉक्टर रागीट नव्हते, ते असंच बोलत. दुसऱ्या दिवशी विसरूनही गेले. ती विसरली नाही. त्यानंतर तिची एकही पट्टी उलटी गेली नाही. आज पुन्हा तसं दिसल्यावर तिनं वर मान करून बघितलंसुद्धा नाही. महिपतीच्या हातांचे चिमटे काढले, लाल डावीकडं, पिवळा उजवीकडं असे बदलले, आणि पुन्हा कागद सुरू केला. पहिली ओळ सरळ आली. उंचवटा वर, सुळका वर. तिनं पहिली पट्टी फाडून घडी घालून पर्समध्ये टाकली आणि दुसरी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांच्यापुढं तेव्हा साठावा की एकसष्टावा माणूस होता. त्यांनी पट्टी उजेडाला धरली, महिपतीच्या शर्टावरूनच नळी टेकवली, आवाज लांबून येतोय, बिडी किती ओढता, असं विचारलं. पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि सोमवारी छातीची सोनोग्राफी करायला यायला सांगितलं. चंद्राबाई जाताना म्हणाली, आता ठिबकचा पाइप घेतो आन् मग इंदापूरची गाडी धरतो.

लाल डावीकडं, पिवळा उजवीकडं. करुणा खिडकीच्या गजाला धरून बसली होती. तिनं मनातच पुन्हा म्हटलं. मी बदलून लावले ते लाल डावीकडं आणि पिवळा उजवीकडं. म्हणजे आधी लाल उजवीकडं होता. म्हणजे आधी बरोबर होते.

हे कसं शक्य आहे, असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं, आपल्याला नीट आठवत नसणार. आपलंच काहीतरी चुकत असणार. हा विचार इतक्या सवयीनं आला की तिला जवळजवळ बरं वाटलं. चूक आपली असली की बाकी जग आपापल्या जागेवर राहतं. महिपती पाइप घेऊन घरी जाईल, सोमवारी येईल, त्याच्या छातीत गॅसच असेल. चूक आपली असणं यात एक प्रकारचा निवारा होता, आणि या निवाऱ्यात ती लहानपणापासून राहत आली होती. नववीत गणिताच्या बाईंनी आलेखाचं गणित घातलं. तिचं उत्तर सगळ्या वर्गापेक्षा वेगळं आलं, म्हणून तिनं वही तपासायला द्यायच्या आधी खोडून सगळ्यांचं लिहिलं. नंतर कळलं, की सगळा वर्गच चुकला होता. ही गोष्ट तिनं घरी सांगितली तेव्हा आजी तुळसा म्हणाली होती, आपल्याला दोनदा बघावं लागतं बाई, पयल्यांदा बघितलेलं आपलं कुणी धरत न्हाय. आजीनं ते शहाणपण म्हणून सांगितलं होतं. तात्या तेव्हा उठून बाहेर गेले होते.

लासुर्णे आलं. माणसं उतरली, चढली. तिनं पर्समधून पट्टी काढली आणि मांडीवर उलगडली. हाता-पायाच्या तारांच्या ओळी तिनं बोटानं झाकल्या, कारण त्या ओळींवर तिचा विश्वास नव्हता, स्वतःवरही नव्हता. खाली छातीच्या सहा ओळी राहिल्या. त्या सहा फुग्यांना हातांच्या अदलाबदलीनं काही फरक पडत नाही. ते छातीच्या मधल्या हाडाजवळून निघून डाव्या काखेपर्यंत एका रांगेत बसतात. एकच वस्तू सहा जागी उभं राहून बघावी तसं. आणि निरोगी माणसात सुळका पहिल्यापासून चौथ्या-पाचव्यापर्यंत मोठा मोठा होत जातो, कारण आपण हृदयाच्या मोठ्या कप्प्याच्या जवळ जवळ जात असतो. वीज आपल्याकडं आली तर रेघ वर, दूर गेली तर खाली. महिपतीच्या पट्टीवर पहिल्या ओळीत सुळका बरा होता. दुसरीत कमी. तिसरीत आणखी कमी. सहावीत तो इतका बारीक झाला होता की नख आडवं धरलं तर झाकला जाईल. सकाळी तिला वाटलं होतं, फुगे नीट चिकटले नाहीत, छातीवर केस आहेत. डॉक्टरांनाही बिडीचंच वाटलं असणार.

आणि तिथं मांडीवरच्या कागदात तिला चारी दिसली. सहा खांब. तात्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून ती सुट्टीत जायची तेव्हा त्यांनी विचारलं होतं, डोळे बांधून तुला चारीवर सोडलं आन् नुसते आकडे सांगितले, तर कालवा कुठल्या अंगाला हाय ते सांगशील का? ती म्हणाली, नाही. ते म्हणाले, सोपं हाय. "पाणी जिकडं कमी कमी होत जातंय, तिकडं त्याचा उगम नसतोय."

पाणी डावीकडं कमी कमी होत होतं.

तिला कोर्सच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरचा एक परिच्छेद आठवला. परीक्षेला येत नाही म्हणून बाईंनी तो सोडून दिला होता. दहा-बारा हजारांत एखादा माणूस असा जन्मतो, की त्याचं हृदय उजव्या बाजूला असतं. तो जगतो, शेती करतो, म्हातारा होतो, त्याला कुणी सांगत नाही. फक्त त्याची पट्टी नेहमीसारखी काढली तर ती उलटी येते, आणि त्याच्या हृदयाला काही झालं तर डाव्या छातीवर लावलेल्या फुग्यांना ते नीट कळत नाही. ते लांबून, भिंतीपलीकडून ऐकल्यासारखं ऐकतात. उजवा हात जड. उजव्या कुशीवर इंजान. तरीही तो आतला आवाज थांबला नाही: पण तू आधी तारा चुकवल्याच असशील तर? मग ही सगळी कथाच. डॉक्टरांना फोन करून काय सांगणार? मी तारा बदलल्या, तुम्हाला सांगितलं नाही, आणि आता बसमध्ये बसून मला वाटतंय? ते पुन्हा कागद वर धरतील. या वेळी हसणार नाहीत. ज्या मुलीनं पट्टी बदलून दिली तिला ठेवायचं का, एवढंच ठरवतील. गाडी अंथुर्ण्यात शिरली आणि बाहेर पडली. फोन तिच्या हातात होता आणि पडदा दोनदा काळा झाला होता.

एकदाच, त्या नववीच्या गणितानंतर चार दिवसांनी, तात्यांनी तिला आपली गोष्ट सांगितली होती. पाणी सोडायच्या एका पाळीला तिसऱ्या खांबावर पाणी फार खाली दिसलं. त्यांनी तसाच आकडा लिहिला. मग त्यांना वाटलं, ऊन डोळ्यावर आहे, आपण चुकीचं वाचलं. वरचा साहेब येता-जाता म्हणायचाच, कचरू, तुला नीट वाचता येतं का रे? म्हणून त्यांनी तो आकडा खोडला आणि रोजचा लिहिला. वरच्या अंगाला भराव फुटला होता. दोन दिवस कुणाला पत्ता नाही, कारण वहीत पाणी बरोबर होतं. चारीच्या शेपटाकडची, अगदी शेवटच्या रानातली, एका म्हातारीची कांद्याची रोपं जळून गेली. त्यांना कुणी विचारलं नाही, दोषही दिला नाही. गोष्ट सांगून झाल्यावर ते म्हणाले होते, "डोळ्याला दिसलं ते राहू द्यायचं हुतं. मला वाटलं, मीच चुकलो असंन." एवढंच.

तिनं डोळे मिटले आणि सकाळचं टेबल आठवायला लागली. चादर. पेरूचा वास. हात. महिपतीच्या एका मनगटाला दोरा होता. नरसिंहाच्या देवळातला लाल दोरा, पाण्यानं विटलेला. चिमटा नीट बसावा म्हणून तिनं तो दोरा बोटानं कोपराकडं सरकवला होता, आणि सरकवताना मनात आलं होतं, लालवर लाल. पहिल्या वेळी. बदलण्याच्या आधी. दोरा कुठल्या हाताला? चंद्राबाई पडद्याच्या बाजूला, म्हणजे त्याच्या डाव्या हाताला उभी होती. दोरा भिंतीच्या बाजूला होता. उजवा. लाल चिमटा उजव्याच हाताला होता.

तारा बरोबर होत्या.

तिनं फोन लावला. डॉक्टर जेवत होते. तिनं काहीही न सजवता सगळं सांगितलं: पहिली पट्टी उलटी आली, मला माझी चूक वाटली, मी तारा बदलून दुसरी दिली, तुम्हाला सांगितलं नाही, पण पहिली बरोबर होती, आणि छातीच्या ओळी दोन्हींत उतरत जातात. पलीकडं ताट सरकवल्याचा आवाज आला. डॉक्टर म्हणाले, "त्या ओळी मीही पाहिल्या होत्या, करुणा." आवाज सपाट होता. "तू कुठं आहेस?"

ती म्हणाली, निमगाव केतकीच्या अलीकडं. तिथून वरकुट्याला वाट फुटते. डॉक्टर म्हणाले, उतरू नकोस, सरळ इंदापूरला जा, मी केसपेपरवरचा नंबर लावतो. पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. दोघं इंदापूर स्टँडवरच होते, नरसिंहपूरच्या गाडीला अजून वेळ होता. रिक्षानं जवळच्या दवाखान्यात जायला त्यांना सांगितलंय, तिथल्या डॉक्टरांशीही बोललोय. पण म्हातारा ऐकत नाही, त्याला गाडी चुकवायची नाही.

महिपती स्टँडच्या बाकावर बसला होता. शेजारी ठिबकच्या काळ्या पाइपाचं वेटोळं आणि अर्धी प्यालेली सोड्याची बाटली. कपाळ ओलं. चंद्राबाई पदरानं वारा घालत होती. करुणाला बघून तिनं ओळखलं आणि ती घाबरली. दवाखान्यातलं माणूस स्टँडवर आलं म्हणजे काय ते तिला कळलं. महिपती मात्र म्हणाला, "बाई, तुमी सोमवार सांगितला, आन् तुमीच शनवारी धरायला आला व्हय?"

करुणा त्याच्यापुढं खाली बसली. "आबा, सकाळी माझ्याकडनं चूक झाली. तुमची पट्टी मी नीट काढली हुती, आन् मलाच ती खोटी वाटली. आता गाडी जाऊ द्या."

बहुधा कुणी सरळ तोंडावर चूक कबूल करतंय याचंच त्याला नवल वाटलं असावं. मग त्यानं बायकोला पाइप उचलायला सांगितलं आणि उठला.

इंदापूरच्या दवाखान्यातली मुलगी, योगिनी, नुकतीच कोर्स करून आली होती. तिनं सवयीनं लाल चिमटा उजव्या हाताकडं नेला. करुणा म्हणाली, तारा उलट्या लाव. योगिनीनं विचारलं, उलट्या म्हणजे कशा? करुणा म्हणाली, "चुकल्यासारख्या." सहा फुगे तिनं स्वतः घेतले आणि छातीच्या मधून निघून उजव्या काखेकडं एकेक लावत गेली. हे तिनं जन्मात कधी केलं नव्हतं. डाव्या हातानं सही करावी तसे तिचे हात अडखळत होते. तिसरा फुगा लावताना बोटांखाली तिला ठोका लागला. खोल, घाईचा, अगदी जवळ.

कागद सरकायला लागला. आधी चौकोनी पायरी आली, मशीननं आपलं माप दाखवलं. मग उंचवटा वर, सुळका वर. छातीच्या ओळी सुरू झाल्या आणि सुळका वाढत गेला: दुसरीत मोठा, तिसरीत त्याहून मोठा. क्षणभर तिला नुसता आनंद झाला. मग तिला दिसलं, की तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत सुळका उतरल्यावर रेघ पायथ्याला येत नाही. ती वरच अडकून राहते, आणि तिथूनच पुढची टेकडी सुरू होते. लोंढा येऊन गेला, पण पाणी उतरत नाही. पुढं कुठंतरी वाट तुंबली आहे. मागून तिथल्या डॉक्टरांचा हात आला, कागद फाडला गेला, आणि खोलीतल्या सगळ्यांच्या हालचाली एकदम वेगळ्या झाल्या. जिभेखाली गोळी, दंडात सुई, कुणीतरी मोठ्या दवाखान्याला फोन लावत होतं, वेळेत आलात असं कुणीतरी चंद्राबाईला सांगत होतं. महिपतीनं मान वळवून करुणाला शोधलं. "म्हंजे आमचं काळीज जागेवर न्हाय का?"

"जागेवरच हाय, आबा. आमी चुकीच्या अंगानं बघत हुतो."

"मी म्हणतच हुते," चंद्राबाई म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

रुग्णवाहिकेबरोबर कागद द्यायचे होते. तिथल्या डॉक्टरांनी सकाळची पट्टी मागितली. करुणानं पर्समधून घडी काढली. पट्टीवर चार चुण्या पडल्या होत्या. तिनं टेबलाच्या कडेवर ती तळहातानं सपाट केली, पेन मागून घेतलं आणि कोपऱ्यात तारीख, वेळ आणि महिपतीचं नाव लिहिलं. सकाळी तिनं यातलं काहीच लिहिलं नव्हतं, कारण खराब कागदावर कुणी नाव घालत नाही. थोडा विचार करून खाली लिहिलं: तारा योग्य जागी होत्या. त्याखाली स्वतःची सही केली.

घरी पोचायला दिवस कलला. ओट्यावर तात्या चष्मा पुसून बसले होते. शनिवार त्यांना माहीत असायचा, शनिवारी गर्दी, म्हणून दोन-तीन तरी पट्ट्या यायच्या. त्यांनी हात पुढं केला. करुणा त्यांच्याशेजारी टेकली. सोमवारी डॉक्टर काय म्हणतील ते तिला माहीत नव्हतं, महिपती रात्र कशी काढेल तेही नाही. समोर चारीच्या कडेनं कुणाची तरी गुरं परतत होती.

"आज न्हाय का आणलं?" तात्यांनी विचारलं.

"हुतं एक," ती म्हणाली. "पण ते खराब नव्हतं, तात्या. ते त्या माणसाच्या कागदांत लावून आले."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

"खोडलं न्हायस," ते म्हणाले.

"खोडलं हुतं," ती म्हणाली. "परत लिवलं."